टोपलीखाली काय आहे? कथेत कुतूहल लिहिण्याची रीत

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी सरता सरता सकाळी सातच्या सुमारास माणसं एका कुंपणाभोवती जमतात. कुंपणात वाळू, वाळूवर उपड्या टोपल्या. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावरच्या घरट्यांतून उचलून इथे पुन्हा पुरलेली असतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. कार्यकर्ता एकेक टोपली उचलून बघतो. कधी पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू.

ही टोपली कथेत ठेवून बघा. बघणाऱ्याला काहीच ठाऊक नसेल तर ती वाळूत पडलेली एक टोपली आहे, तो बाजूने निघून जाईल. 'आज बरोब्बर आठ वाजता चाळीस पिल्लं निघणार' असं आधीच सांगितलं असेल तर ती निव्वळ रांग आहे, तो मोबाइल काढून वेळ काढेल. माणूस टाचा उंचावून बघतो तो या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत: अंडी आहेत हे ठाऊक, दिवस भरत आलेत हे ठाऊक, आज की उद्या ते ठाऊक नाही.

जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलाची मांडणी जवळपास अशीच केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत व्हावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले होते. ज्यांना उत्तराचा काहीच अंदाज नव्हता त्यांना कुतूहल कमी, ज्यांना खात्री होती त्यांनाही कमी. 'येतंय वाटतं, पण नक्की नाही' अशांना सगळ्यांत जास्त.

लिहिणाऱ्याच्या कामाचं एवढंच: कुतूहल माहिती लपवून होत नाही, माहिती देऊन होतं. नवखे लेखक नेमकं उलटं करतात. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, 'ती' कोण ते तिसऱ्या पानापर्यंत सांगायचं नाही. वाचकाच्या हातात काहीच नसतं, म्हणून त्याला फटही दिसत नाही. तीन गोष्टी ठणठणीत सांगा, चौथी राखून ठेवा. हे प्रमाण पाठ करण्यासारखं आहे.

कोणतं कुतूहल?

मराठीत या भावनेच्या आसपास बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जिज्ञासा शांत असते, तिला पुस्तक चालतं. उत्सुकतेला तारीख लागते: निकाल, बोट, पाहुणा. चौकसपणा स्वभावात असतो. भोचकपणा म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसलेला चौकसपणा, आणि चांभारचौकशा हे त्याचंच आणखी चिवट रूप. कुतूहल मात्र अचानक येतं आणि एका वस्तूवर, एका माणसावर, एका आवाजावर येतं. प्रसंग लिहायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात यातला एकच शब्द लिहून ठेवा. दोन लिहावेसे वाटले तर प्रसंग अजून पिकलेला नाही.

नाट्यशास्त्राने विस्मयाला अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारा मूळ भाव, मानलं, पण औत्सुक्याला ३३ व्यभिचारी भावांमध्ये बसवलं. तिथलं औत्सुक्य आपल्या आजच्या कुतूहलापेक्षा ओढीकडे जास्त झुकतं हे खरं. तरीही ती वर्गवारी लेखकाला उपयोगी पडते. व्यभिचारी म्हणजे संचारी, येऊन जाणारा. कुतूहल प्रसंगात मुक्काम करत नाही, ते कशात तरी बदलतं: भीतीत, लाजेत, हसण्यात, हिरमोडात. लघुकथेत कोणत्याही पात्राचं एकच कुतूहल दीड-दोन पानांहून जास्त तसंच्या तसं टिकवू नये. टिकवलं की ते पात्र वाचकाला मंद वाटायला लागतं, कारण खऱ्या माणसाने एव्हाना उठून दार लोटलं असतं.

शरीरात कुठे दिसतं

'तिला कुतूहल वाटलं' हे वाक्य पहिल्या खर्ड्यात येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात ते जिथे असेल तिथे खूण करा आणि त्या जागी हात, मान आणि निमित्त या तिघांपैकी दोन तरी आणा. कुतूहलाची पहिली खूण डोळे विस्फारण्यात नसते (तो विस्मय). ती हातातल्या कामात असते. काम थांबतं, किंवा त्याहून गमतीचं म्हणजे चालूच राहतं पण बिघडतं. दुसरी खूण मानेत: मान वळत नाही, फक्त कानाची बाजू पुढे येते. तिसरी निमित्तात. मोठं माणूस कुतूहलापोटी कधीच कुठे जात नाही, ते कशाला तरी जातं.

एक कच्चा मसुदा बघू.

"समोरच्या बंद घरात उजेड दिसला. सुमनला खूप कुतूहल वाटलं. कोण बरं आलं असेल? इतक्या वर्षांनी कशाला आलं असेल? तिच्या मनात प्रश्नांचं काहूर माजलं."

तोच प्रसंग पुन्हा.

"सुमन विळीवर नारळ खवत होती. गडग्यापलीकडच्या घरात, माडीच्या खिडकीत उजेड होता. ती खवत राहिली. करवंटीचा तपकिरी भुगा खोबऱ्यात पडायला लागला तेव्हा तिने वाटी खाली ठेवली. जून संपत आला होता. गणपतीला अजून दोन महिने. आणि कुणी आलंच असतं तर किल्ली मागायला आधी इथे आलं असतं. किल्ली खुंटीवर होती. तिने जाऊन हात लावून बघितली. होती.

'आई, जरा कढीपत्ता आणते हां.'

कढीपत्ता मागच्या परसात होता. ती पुढच्या दाराने निघाली, तीही छत्री न घेता."

पहिल्या मसुद्यात दोन प्रश्नचिन्हं आणि एक काहूर आहे. दुसऱ्यात एकही प्रश्न नाही, तरी वाचकाच्या मनात प्रश्न एकच आणि नेमका उभा राहतो: मग दुसरी किल्ली कुणाकडे? तो उभा राहिला कारण तीन गोष्टी पक्क्या दिल्या: घर बंद असतं, या दिवसांत मुंबईचं कुणी येत नाही, किल्ली इथे आहे. चौथी राखली. खोबरं बिघडणं ही शरीराची खूण. कढीपत्ता हे निमित्त, आणि ते खोटं आहे हे वाचकाला सासूच्या, म्हणजे सुमन जिला 'आई' म्हणते तिच्या, आधी कळतं. किल्लीला हात लावून बघणं सगळ्यांत मोलाचं, कारण डोळ्यांना दिसत असूनही हात लावावासा वाटणं हेच कुतूहल.

'मनात प्रश्नांचं काहूर', 'उत्सुकता शिगेला पोहोचली', 'कान टवकारले', 'जीव टांगणीला लागला' हे शब्दप्रयोग बोलण्यात चालतात. कथेत ते लेखकाचं काम वाचकाच्या अंगावर ढकलतात. पात्राच्या तोंडी घाला, निवेदनात नको.

विचारायचा हक्क कुणाला

कुतूहल किती मोठं वाटेल हे गुपितावर कमी आणि विचारणाऱ्याच्या जागेवर जास्त अवलंबून असतं. माजघरात चाललेल्या बोलण्याबद्दल घरच्या आजीला काही विचारायचं असेल तर ती ओटीवरून हाक मारून विचारेल, कुतूहल तिथेच संपलं. त्याच घरात चार महिन्यांपूर्वी आलेल्या सुनेला विचारता येत नाही. ती पाणी न्यायच्या निमित्ताने दोनदा जाईल, तिसऱ्यांदा गेली तर कुणीतरी बघेल. गुपित तेच, पण सुनेच्या नजरेने लिहिलं की प्रसंग तिप्पट लांब होतो आणि त्यातला एक शब्दही पाणी घातल्यासारखा वाटत नाही.

म्हणून निवेदकाची नजर निवडताना एक यादी करा: या प्रसंगात कोण कोण हजर आहे, आणि ही गोष्ट उघड विचारली तर प्रत्येकाला काय गमवावं लागेल? ज्याला सगळ्यांत जास्त गमवावं लागेल त्याच्या डोळ्यांनी लिहा.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ साली इथे नजरकैदेत आला, राजवाडा बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ साली तो इथेच वारला. यावर कथा लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा राजाच्या मनात शिरतो आणि विरहावर चार पानं लिहितो. कुतूहल तिथे नाही, राजाला स्वतःबद्दल सगळं ठाऊक आहे. ते आहे रोज भाजी पोहोचवणाऱ्याकडे. त्याला भाषा कळत नाही, वर बघायची परवानगी नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारातून जितकं दिसेल तितकंच दिसतं. टोपलीतली कोणती भाजी परत येते यावरून तो एका राजघराण्याची कल्पना करतो. भाजीवाला अर्थात कल्पनेतला. पण चौकट खरी असली की कल्पनेतला माणूस तिच्यात चटकन उभा राहतो.

लहान मुलाची नजर सोपी वाटते म्हणून फार वापरली जाते. मुलाला विचारायची मुभा असते, त्यामुळे त्याचं कुतूहल लगेच संवादात वाहून जातं. मूल घ्यायचंच असेल तर ज्याला नुकताच 'मोठ्यांच्या मधे बोलू नये' म्हणून ओरडा पडला आहे असं घ्या.

प्रश्न न विचारता विचारणं

किनारपट्टीवर नवखा माणूस एसटीतून उतरला की त्याची चौकशी होते, पण ती माहितीसाठी असतेच असं नाही. संवाद लिहिताना हे फार उपयोगी आहे. स्टॅंडसमोरच्या चहाच्या टपरीवरचे हे संवाद बघा, तिकडच्याच मालवणी बोलीत:

"खंयसून इलंस?"

"मुंबैसून."

"मुंबैसून सगळेच येतत. कोणाकडे?"

"हंयसरच, वरच्या वाडीत."

"वरच्या वाडीत घरां पाच. दोन बंद."

"चाय कितीची?"

"धा. तीन वर्सां गणपतीक येवक नाय. बापूस बरो आसा मां?"

टपरीवाल्याला पहिल्या वाक्यापासून ठाऊक होतं. त्याला उत्तर नको होतं, कबुली हवी होती. वाचकाला हे शेवटच्या ओळीत कळतं आणि तो मागे जाऊन सगळे प्रश्न पुन्हा वाचतो. तोवर तरुणाच्या बाजूने एक नवी फट पडलेली असते: हा टाळत का होता?

अशा संवादाची जुळणी करताना सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देऊ नका. उत्तर अर्धं द्या, किंवा भलत्याच प्रश्नाचं द्या, किंवा पैसे काढा. सहा-सात ओळींत एकदाच विषय बदलू द्या. दोनदा बदलला की प्रहसन होतं. आणि विचारणाऱ्याने एकदा तरी प्रश्नाऐवजी विधान करावं. 'दोन बंद' या दोन शब्दांत जेवढा रेटा आहे तेवढा 'कोणाचं घर?' या प्रश्नात नाही.

बोलीबद्दल एक गोष्ट. एका ओळीत परका वाटेल असा एकच शब्द ठेवा, बाकीचे संदर्भाने लागले पाहिजेत. कंसात अर्थ द्यावा लागला तर ओळ बदला. आणि मालवणी येत नसेल तर लिहू नका. प्रमाण मराठीत 'नाय' आणि 'इलो' पेरलेली बोली तिकडच्या वाचकाला पहिल्याच ओळीत खटकते, मग तो पुढचं कुतूहल बाजूला ठेवून तुमच्या चुका मोजत बसतो.

भरती किती, ओहोटी किती

समुद्राला साधारण सहा तासांनी भरती आणि पुढच्या सहा तासांनी ओहोटी. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. कथेतल्या फटींचंही असंच ठेवावं: मोठी एक, तिच्या पोटात लहान लहान चढउतार, आणि मधे एखादा भांग, जिथे वाचकाला श्वास घेता येतो.

आकड्यांत सांगायचं तर २५०० शब्दांच्या कथेला एक मोठा प्रश्न पुरतो. तो पहिल्या १५० शब्दांत जाणवला पाहिजे, उच्चारला गेला नाही तरी चालेल. लहान प्रश्न तीन किंवा चार. प्रत्येक लहान प्रश्न ४०० ते ६०० शब्दांच्या आत मिटवा, आणि मिटायच्या एक-दोन वाक्यं आधी पुढचा उघडा. आधी उघडणं महत्त्वाचं. मिटल्यानंतर उघडला तर मधे एक सपाट जागा पडते आणि वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतो. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण पहिल्या पाच-सहा कथांना त्यांचा आधार घ्यावा. नंतर हाताला अंदाज येतो, जसा तांदळाच्या पाण्याचा येतो.

लहान प्रश्न मिटवायला लेखक घाबरतात. त्यांना वाटतं, सांगून टाकलं तर वाचक जाईल. उलट आहे. सुमन गेली, माडीच्या खिडकीतला उजेड विजेचा नसून कंदिलाचा आहे हे तिला दिसलं, म्हणजे एक लहान प्रश्न मिटला, आणि वाचकाला कळलं की हा लेखक उत्तरं देतो. त्या भरवशावर तो मोठ्या प्रश्नासाठी थांबतो. पाच पानं नुसतीच वाट पाहायला लावणाऱ्याला तो उधारी देत नाही.

एक फसवणूक मात्र कधीच करू नये: ज्याच्या नजरेतून सांगताय त्याला जे ठाऊक आहे ते वाचकापासून लपवणं. सुमनलाच दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असेल आणि आपण तिच्या मनात बसूनही ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, तर वाचकाला कुतूहल वाटलं तरी शेवटी राग येतो. लपवायचंच असेल तर निवेदनाची नजर बदला, सासूच्या बाजूने लिहा.

शेवट माहीत असताना

सगळं कुतूहल 'काय झालं' याचं नसतं. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये दशावतारी नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आख्यान पुराणातलं, म्हणजे राक्षस मरणार हे समोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी लोक घोंगडी पांघरून बसतात. नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद नट रंगमंचावर जुळवतात. आजचा राक्षस देवाला काय उत्तर देतो, कुठे अडवतो, कुठे हसवतो, हे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नटालाही पूर्ण ठाऊक नसतं. कुतूहल 'कसं' याचं आहे.

म्हणून शेवट पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचा प्रयोग करून बघा. 'त्या पावसाळ्यात बाबल्याने होडी विकली.' आता काय झालं हा प्रश्न संपला. उरला तो हा, की जो माणूस ती होडी भावालासुद्धा देत नव्हता, त्याने विकली कशी? मात्र पहिल्या दोन परिच्छेदांत होडी त्याला किती प्रिय होती हे दिसलंच पाहिजे. नाहीतर वाचक म्हणेल, विकली असेल, आम्हाला काय.

न सुटणारं कोडं

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या आकृतीत इतर प्राणी कोरलेले आहेत. बारसू, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, कुडोपी अशी नावं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कुणी कोरली आणि कशासाठी, याचं पक्कं उत्तर नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावची गंगा आहे. तिथल्या १४ कुंडांत पाणी येतं आणि जातं, बहुधा तीनेक वर्षांनी, पण नेमकं कधी ते गंगाच जाणे.

अशी ठिकाणं कथेत आणताना बहुतेकांचा हात 'गूढ', 'रहस्यमय', 'अनाकलनीय' या डब्याकडे जातो. हे शब्द कुतूहल मारतात, कारण ते 'इथे विचार थांबवा' असं सांगतात. जे ठाऊक आहे ते मापून सांगा. कातळ पायाला किती तापतो, रेघ किती बोटं खोल आहे, पावसात तीत पाणी साचलं की आकृती कशी दिसते, गुराख्याला ती कुठल्या झुडपापासून सापडते. मग जे ठाऊक नाही त्याला एकच साधं वाक्य द्या. आणि कथा कोड्यावर उभी करू नका, कोड्यापाशी आलेल्या माणसावर करा. सड्यावर मोजमाप घेणाऱ्या विद्यार्थिनीला हत्ती कुणी कोरला हे शेवटपर्यंत कळणार नाही, पण रोज दुपारी तिच्यासाठी पाण्याची कळशी कोण ठेवून जातं हे कळू शकतं. न सुटणाऱ्या मोठ्या कोड्याशेजारी सुटणारं लहान कोडं लागतंच. नाहीतर वाचक उपाशी उठतो.

राखणदार, देवचार (गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्ती) यांच्या बाबतीत जरा जपून. ती तिथल्या माणसांची श्रद्धा आहे, लेखकाने कोपऱ्यात ठेवलेला बागुलबुवा नव्हे. पात्र नारळ ठेवत असेल तर ते का ठेवतं हे त्याच्या बाजूने लिहा. वाट चुकलेल्या माणसाला मागे पावलं ऐकू आली, एवढंच पुरे. पावलं कुणाची हे लेखकाने ठरवलं की प्रसंग भुताचा होतो, आणि भुताच्या प्रसंगात कुतूहलाची जागा भीतीने घेतलेली असते.

फट मिटण्याचा क्षण

इथे सगळ्यांत जास्त घाई होते. चार पानं ताणलेलं उत्तर अर्ध्या वाक्यात येतं, तेही 'आणि बघते तर काय!' या रूपात.

कोकणातल्या देवळांत कौल लावतात त्याची चाल बघा. देवाच्या पाषाणावर फुलांचे कळे किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडतो. मग सगळे बघत राहतात. अनेक ठिकाणी उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रीत गावागणिक बदलते, तेव्हा ज्या गावाची कथा आहे तिथली विचारून घ्या. पाकळी कधी लगेच पडते, कधी पडतच नाही. पाणी सुकत जातं, कड जराशी उचलली जाते, समईची ज्योत हलते आणि सगळ्यांना वाटतं पडली.

यावर सराव असा. २०० शब्दांत कौलाचा प्रसंग लिहा, प्रश्न एकच: जमीन विकायची की नाही. पाकळी १५० व्या शब्दाच्या आधी पडता कामा नये. मधल्या शब्दांत कुणीही विचार करायचा नाही, फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. सुरुवातीला वाक्यं १२-१५ शब्दांची, शेवटाकडे ४-५ शब्दांची. पाकळी पडण्याचं वाक्य मात्र पुन्हा साधं आणि मध्यम लांबीचं ठेवा, उद्गारचिन्ह नको. उरलेल्या ५० शब्दांत ज्याचा प्रश्न होता त्याचा चेहरा दाखवू नका. त्याच्या भावाचा दाखवा.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं ६० शब्दांत बोलणं संपतं आणि मग विचार सुरू होतात: 'पूर्वजांची जमीन... किती आठवणी...' तिथे थांबून पुन्हा पाषाणाकडे बघा. पाण्याचा ओघळ कुठवर आला, गुरवाचा अंगठा कशाने काळा झालाय, मागे कुणाची बांगडी वाजली. उत्तराची वाट बघणारा माणूस असल्याच गोष्टी बघत असतो.

कुणाला तरी वाचून दाखवा

कथा झाली की एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. साहित्यातला नको, घरातला कुणी चालेल. आधीच तीन जागी पेन्सिलीची खूण करून ठेवा: पहिलं पान संपतं तिथे, मध्यावर, आणि उत्तराच्या अलीकडे साधारण दहा ओळींवर. खुणेपाशी थांबायचं आणि एवढंच विचारायचं: 'काय वाटतं, काय असेल?'

'काय माहीत' असं आलं तर पक्क्या गोष्टी कमी पडल्या. त्या जागेच्या आधी एक-दोन ठोस तपशील घाला. बरोबर उत्तर पटकन आलं तर फार दिलंय, एक खूण काढा. पण ती पहिली नको, शेवटची काढा. दोन-तीन तर्क आले आणि माणूस त्यातल्या एकावर हट्टाने अडून बसला, तर त्या जागेला हात लावू नका. 'थांबलास कशाला, वाच पुढे' असं आलं तरीही नको. त्याचे चुकलेले तर्क मात्र लिहून घ्या, पुष्कळदा त्यातला एखादा तुमच्या शेवटापेक्षा बरा निघतो.